माळ्यावरची दुर्बीण

‘ताई, नमस्कार. वय ३६. गाव जुन्नर तालुक्यात, नोकरी हिंजवडीत, राहायला वाकडला. तेरा वर्षं बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचं, काम करतोय, दर तीन आठवड्यांनी ऑन-कॉल असतो. २० ऑक्टोबर २०२५ ला, नरक चतुर्दशीला, दुपारी सासरी फराळाला बसलो होतो आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या क्लाउडचा, म्हणजे कंपन्या भाड्याने घेतात त्या सर्व्हरचा, अख्खा विभाग बंद पडला. मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला तो पहाटे साडेतीनला मिटला. त्याबद्दल तक्रार नाही, कामच आहे ते. पण त्यानंतरही झोपलो नाही. पाचपर्यंत फोनवर आधी त्याच्या बातम्या, मग कर्मचारीकपातीच्या, मग एआयच्या, मग व्हिसाच्या. आता हे रोजचंच झालंय. बायको म्हणते, तू घरात असून नसतोस. शाळेत असताना खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या भल्यामोठ्या डिश बघून मला आकाशाचं वेड लागलं होतं. सहा इंची दुर्बिणीचा आरसा मी स्वतः घासलाय. तीन वर्षं रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदी ठेवल्या, १४० झाल्या होत्या. शेवटची जानेवारी २०२२ ची. दुर्बीण आता माळ्यावर आहे. काढावीशी वाटली की मनात येतं, हे दोन तास एखाद्या कोर्सला द्यायला हवेत. बायको म्हणते, वापरत नाहीस तर विकून टाक, मुलीच्या सायकलला जागा होईल. विकू का? मला अरे-तुरे केलंत तर बरं वाटेल.’

विकू नकोस. बाकीचं सावकाश बोलूया, पण हे आधी सांगून ठेवते. तुझं पत्र येऊन आठ दिवस झालेत आणि तेवढ्यात कोणी गिऱ्हाईक दाराशी आलं असेल की काय, अशी मला धास्ती आहे.

सहा इंची आरसा मीही घासलाय. काचेच्या दोन जाड तबकड्या, मध्ये कार्बोरंडमची ओली पूड, वरची तबकडी पुढे-मागे, पुढे-मागे, मग आपण एक पाऊल सरकायचं आणि पुन्हा तेच. पिंपाभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखं. पूड बारीक, त्याहून बारीक अशी बदलत जायची, शेवटी सिरियम ऑक्साइडने पॉलिश. त्या शेवटच्या टप्प्यात आपण काचेवरचा जो चढउतार काढत असतो तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असतो, आणि तो आपण नुसत्या हातांनी काढतो. असा आरसा विकून जे चार पैसे येतील त्यांत तो परत घासून होणार नाही. मुलीची सायकल बाल्कनीत राहील.

आता तुझ्या त्या पहाटेबद्दल. लॅपटॉप साडेतीनला मिटला आणि तू पाचला झोपलास, हे वाक्य मी तीनदा वाचलं. दुपारी पाऊणच्या सुमाराला सगळं पडलं, म्हणजे जवळजवळ पंधरा तास तू कामावर होतास. त्या पंधरा तासांत तुझ्या हातात होतं ते तू केलंस: आपली सेवा दुसऱ्या विभागाकडे वळवता येतेय का ते बघितलंस, ग्राहकांना कळवलंस, बाकी वाट बघितलीस. एकाच डीएनएस नोंदीवर, म्हणजे सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदीवर, दोन स्वयंचलित प्रक्रिया लिहायला गेल्या, जुन्या योजनेने नवीवर लिहिलं आणि नोंद रिकामी झाली. तिकडची ही चूक वाकडमध्ये बसून तू दुरुस्त करू शकत नव्हतास. पण पुढचा दीड तास? त्या दीड तासात तू कोणाची ड्यूटी करत होतास?

ज्यांनी ऑन-कॉल केलेलं नाही अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडे पाळीपाळीने एकाच्या फोनवर अलर्ट लावलेले असतात. सर्व्हर अडखळला, रांग तुंबली, डिस्क भरत आली की रात्री-अपरात्री फोन वाजतो. प्रत्येक अलर्टसोबत एक रनबुक असावं लागतं: हे वाजलं तर काय तपासायचं, काय चालू करायचं, कोणाला उठवायचं. आणि एक नियम असतो जो सोसलेल्या माणसाला पाठ असतो. उठून करण्यासारखं ज्यात काही नाही, त्या अलर्टने माणसाला उठवायचं नाही. तो डॅशबोर्डवर राहू दे, सकाळी बघू. कारण वीस खोटे अलर्ट वाजले की एकविसाव्या वेळी, खरंच डेटाबेस बसलेला असताना, माणूस कूस बदलून झोपतो. मी डेटाबेसवाली आहे. मी हे झालेलं बघितलंय, आणि त्या रात्री झोपून राहिलेला मुलगा आळशी नव्हता, तो महिनाभर खोट्या अलर्टांना उठून उठून थकलेला होता.

तू हा नियम प्रॉडक्शनला, ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टीमला, लावतोस आणि स्वतःच्या डोक्याला लावत नाहीस. जगातल्या प्रत्येक बातमीला तू तुझा फोन नंबर दिलायस.

म्हणून तू वाचतोस त्याच बातम्या घे आणि प्रत्येकीसमोर रनबुक मांडून बघ. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. तू जाणार आहेस का? पत्रात तसं काही नाही. मग रनबुक कोरं. जुलैत देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या वर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. ही बातमी तुझ्या घराजवळची आहे, हे मी मान्य करते. पण ती एकदा वाचायची होती. तू ती पन्नास वेळा, पन्नास तोंडून ऐकलीस, आणि पन्नासाव्या वेळी तुला पहिल्यापेक्षा काही जास्त कळलं नाही. आणि एक बातमी अशी होती जिच्यावर तुला खरंच काही करता आलं असतं: २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. ती तुझ्या यादीतच नाही. रात्री दोनला फोन आपल्याला जे दाखवतो त्यात असलं काही येत नाही, कारण त्याने छातीत धडधडत नाही.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मला २००९ च्या फेब्रुवारीत काढलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, त्याचा आता उपयोग नाही. शुक्रवारी दुपारी बोलावलं, संध्याकाळी कार्ड काढून घेतलं. पगार थांबला त्याचं तितकं वाटलं नाही, थोडी शिल्लक होती. पण कंपनीचा गट विमा त्याच दिवशी संपला आणि पुढच्याच महिन्यात आईचं ऑपरेशन निघालं. तो आकडा भरताना माझे हात कापत होते, हे मला आजही आठवतं. त्यामुळे तुला सांगते ते अनुभवाने सांगते: येत्या पंधरा दिवसांत स्वतःचा, बायको-मुलीचा, आणि घेता येत असेल तर गावाकडच्या आईवडिलांचा, कंपनीपासून वेगळा विमा घे. जुन्या दुखण्यांसाठी काही वर्षं थांबावं लागतं, म्हणून नोकरी असतानाच ते घड्याळ चालू करायचं. सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत बाजूला. ईपीएफच्या खात्यावर वारस कोण लावलाय ते उघडून बघ, लग्नाआधीचं नाव असण्याची शक्यता बरीच आहे. रेझ्युमे एका रविवारी नीट कर. हे झालं की कपातीच्या बातमीचं रनबुक लिहून झालं. नंतर ती वाचून उरतं काय? काही नाही.

एआयचं थोडं वेगळं आहे. तिथे काम खरोखर बदलतंय. मी स्वतः आता क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाचा, पहिला मसुदा त्याच्याकडून लिहून घेते आणि माझा वेळ तो तपासण्यात जातो: इंडेक्स वापरतेय का, रिकाम्या ओळींचं काय करतेय, कोटभर नोंदींवर चालवली तर टेबल अडकवून ठेवेल का. हे तपासायला जे लागतं ते तुझ्याकडे तेरा वर्षांचं आहे. शिकायला हवंच, पण शनिवारी सकाळी, चहा झाल्यावर, दोन तास, तुझ्या चालू कामातल्या खऱ्या अडचणीवर. रात्री साडेदहाला, दिवसभर मीटिंगा झाल्यावर, तू कोणताही कोर्स करणार नाहीयेस. हे तुलाही माहीत आहे. दुर्बिणीचे दोन तास तू कोर्समधून काढतच नाहीस, ते फोनमधून निघतात. कोर्सचं नाव तू फक्त अपराधी वाटून घेण्यासाठी मध्ये आणतोस.

आता ताऱ्यांकडे येते. तुझं पत्र मी याच्यासाठीच निवडलं.

काक्षी आठवतोय ना? मृगाच्या चार पायांपैकी तो तांबूस तारा. बरेच जण त्यालाच आर्द्रा म्हणतात. २०१९ च्या ऑक्टोबरपासून तो मंद व्हायला लागला आणि डिसेंबरात ते सगळ्यांच्या नजरेत आलं. रूपविकारी आहेच तो, साधारण चारशे दिवसांच्या फेऱ्यात कमी-जास्त होतो, पण या वेळी उतरतच गेला. लगेच मथळे सुरू झाले: तारा फुटणार, दिवसाही दिसणार. माझ्या फोनवर नातेवाईक विचारत होते की पृथ्वीला काही धोका आहे का. मी त्या थंडीत रोज रात्री गच्चीवर जाऊन त्याची रोहिणीशी तुलना करून वहीत आकडा लिहीत होते. एरवी काक्षी रोहिणीपेक्षा उजळ असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तो १.६ प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) उतरला, रोहिणीपेक्षा स्पष्टच मंद, कोणालाही नुसत्या डोळ्यांनी कळावा इतका. आणि मग फेब्रुवारीच्या मध्यावर वहीतला आकडा थांबला. दोन रात्री तोच. मग तारा किंचित उजळ. मथळे अजून स्फोटाबद्दलच बोलत होते, आणि माझ्या वहीत तारा परत यायला लागला होता. एप्रिलपर्यंत तो पूर्वीसारखा झाला. त्याने स्वतःतून उधळलेल्या वायूची धूळ होऊन तिचा पडदा आपल्या आणि त्याच्या मध्ये आला होता, पृष्ठभागाचा काही भागही थंडावला होता, असं नंतर संशोधकांनी सांगितलं. पाचशेहून अधिक प्रकाशवर्षांवरची ती धूळ, म्हणजे ज्या घडामोडीची बातमी ‘आत्ता आत्ता’ म्हणून येत होती ती कित्येक शतकांपूर्वीची होती.

त्या तीन महिन्यांत मी शांत होते. माझ्याजवळ स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेले साठ आकडे होते, म्हणून. लोकांना विचारलंस तर ते म्हणतील की छंद म्हणजे जगापासून दूर जाणं. मला तसं कधीच वाटलं नाही. मी त्या रात्री जगातल्या एका खऱ्या घटनेच्या जितकी जवळ होते, तितकी कोणत्याच बातमीच्या जवळ गेलेली नाही.

तुझ्या १४० नोंदींनंतर पडलेल्या खंडाबद्दल तू लिहिलंस तो सूर मला कळला. एवढी वर्षं गेली, आता काय त्यात राम, असा. पण रूपविकारी ताऱ्याच्या आलेखात खंड असतातच. दरवर्षी उन्हाळ्यात मृग सूर्याच्या उजेडात बुडतो, आणि पुढे पुण्यात पावसाळ्याचे चार महिने आकाश दिसत नाही. म्हणून तर या नोंदी कधी एकट्यादुकट्याच्या नसतात. एएव्हीएसओ ही संस्था १९११ पासून जगभरच्या हौशी लोकांकडून असे आकडे गोळा करतेय. तुझ्या बंद वर्षांत दुसऱ्या कोणी, जिथे आकाश मोकळं होतं तिथून, तुझ्या ताऱ्यांकडे बघितलं. तुझे १४० ठिपके जिथे होते तिथेच आहेत. १४१वा कधी आला याचा हिशोब कोणी मागणार नाही.

आणि त्याला दुर्बीण लागतच नाही. हे तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण माळा उघडायचा कंटाळा हे तू पहिलं कारण देशील. वाकडच्या उजेडातही काक्षी, रोहिणी आणि प्रश्वा हे तिन्ही स्वच्छ दिसतात. सोसायटीच्या गच्चीला कुलूप असेल तर वॉचमनकडून किल्ली आधीच घेऊन ठेव, साडेअकराला त्याला उठवायला जाऊ नकोस. आत्ता डिसेंबरात तिन्ही तारे पुरेसे वर यायला तेवढे वाजतात. जानेवारीत जेवणं उरकली की झालं. क्षितिजाजवळचा तारा हवेच्या थरामुळे उगाच मंद दिसतो, म्हणून घाई नको. फोन घरी ठेव. बॅटरी लागली तर तिला लाल जिलेटिनचा कागद लाव. डोळ्यांना दहा मिनिटं अंधाराची सवय होऊ दे.

मग काक्षीकडे टक लावून बघू नकोस. तांबूस तारा टक लावून बघितला की डोळ्याला तो उजळत गेल्यासारखा वाटतो, नव्या माणसाची चूक इथेच होते आणि जुना माणूस चार वर्षांनी परतला की त्याचीही. एक झटकन नजर काक्षीवर, एक रोहिणीवर, पुन्हा काक्षी, मग प्रश्वा. रोहिणी ०.९, प्रश्वा ०.४. काक्षी दोघांच्या मध्ये कुठे बसतो? अगदी मधोमध वाटला तर ०.६ किंवा ०.७ लिही, रोहिणीला टेकलेला वाटला तर ०.८. तारीख, वेळ, आकडा, आणि आकाश कसं होतं त्याबद्दल दोन शब्द. दोन मिनिटांचं काम आहे. वही कागदाचीच घे. एक्सेल नको, त्याचा डॅशबोर्ड करू नकोस, महिन्याचं टार्गेट ठेवू नकोस. आपल्या आयटीतल्या लोकांना प्रत्येक गोष्टीचा स्प्रिंट, म्हणजे मुदत लावलेलं काम, करायची खोड असते. मी एकदा माझ्या वहीचं तसं केलं होतं, दीड महिन्यात मला आकाशाचा कंटाळा आला.

बायकोबद्दल. ती दुर्बिणीवर चिडलेली नाही, हे तू ओळखलं असशीलच. तिने दिवाळीत तुला मागच्या खोलीत पंधरा तास पाहिलं, त्याबद्दल ती काही म्हणाली असं तू लिहिलेलं नाहीस. तिला सलतं ते त्यानंतरचं: माणूस शेजारी आहे, उजेड त्याच्या तोंडावर पडलाय आणि तो तिथे नाही. तिला विचारून एक वेळ ठरव, दहा म्हण, आणि त्यानंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. ऑन-कॉलच्या आठवड्यात अलर्टचा आवाज तेवढा मोठा ठेव, तो तिथूनही ऐकू येतो. बातम्या सकाळी, छापील पेपर लावलास तर उत्तम. तो संपतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

दुर्बीण मात्र या रविवारी खाली काढ, मुलीसमोर. चार पावसाळे माळ्यावर गेलेत, आरशावर धूळ असेल, कदाचित बुरशीचे ठिपकेही. कोरड्या कापडाने पुसू नकोस, ॲल्युमिनियमचा थर ओरखडतो. नळाखाली हलकी धार सोडून धूळ वाहू दे. मग परातीत कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, आरसा पाण्यात बुडलेला असतानाच कापसाचा बोळा त्याच्यावरून नुसता ओढत न्यायचा, बोळ्याच्या स्वतःच्या वजनाने, आणि प्रत्येक ओढीला नवा बोळा. शेवटी इन्व्हर्टरसाठी आणतो ते डिस्टिल्ड वॉटर वरून ओतायचं आणि आरसा तिरका उभा करून वाळू द्यायचा. बोळे पुरवायचं काम मुलीला दे. थर फारच गेला असेल तर तो पुन्हा चढवून मिळतो, तू घासलेल्या वक्राला त्याने काही होत नाही. या २०२५ च्या डिसेंबरात गुरू मिथुनेत, पुनर्वसूच्या जवळ आहे, आणि १० जानेवारी २०२६ ला प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर, येतोय. रात्रभर दिसेल. चार चंद्र आधी तिला मोजू दे, मग तिच्या आईला बोलाव. तू मागे उभा राहा आणि माहिती सांगू नकोस.

पहिल्या रात्रीचा काक्षीचा आकडा मला कळव. गेल्या आठवड्यातला माझा आकडा वहीत आहे, पण तो मी इथे छापत नाही. इंटरनेटवर इतरांचे शोधूही नकोस. आधी कळलेला आकडा डोळ्यात बसतो आणि मग आपण तारा बघतच नाही. तुझं पत्र आलं की मी माझा लिहून पाठवते.